बोर्डापासून दोन फूट

नाथाजी सूर्यवंशीला मी पंचवीस वर्षं ओळखतो. मी सांगलीत बांधकामांवर सुपरवायझर होतो आणि तो कडेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून येणारा वायरमन. वायरमन माझ्या हाताखाली पुष्कळ येऊन गेले. भिंतीत पाइप घालणं सगळ्यांनाच येतं. पाइप वाकवणं मात्र मी एकट्या नाथाजीच्या हातात पाहिलं.

बाजारात तयार बेंड मिळतो तो काटकोनाचा. घर चौकोनी असेल तर त्यावर भागतं. पण प्लॉट वाकडा असला, जिना गोल असला, एखादा खांब नको तिथे आला, की तयार बेंडाचा उपयोग होत नाही. मग बाकीचे वायरमन तुकडे जोडत बसतात. जिथे सांधा तिथे पुढे वायर ओढताना अडकते, सोलवटते. नाथाजी सांधा घालत नसे. बांधणीच्या तारेचा वीतभर तुकडा तो आधी भिंतीच्या कोपऱ्यात दाबून घ्यायचा, म्हणजे कोपऱ्याचा आकार तारेत उतरायचा. मग पाइपात लांब स्प्रिंग सरकवायची, कारण तिच्याशिवाय पाइप वाकताना चेपतो. थंडी असली तर पोत्याच्या तुकड्याने पाइप घासून घासून कोमट करायचा आणि गुडघ्यावर घेऊन, श्वास सोडत सोडत दाबायचा. हवा त्याहून जरा जास्तच वाकवायचा. हात सोडला की पाइप थोडा माघारी येतो. किती माघारी येईल ते त्याला न मोजता कळायचं. तारेशी पाइप जुळला की तो स्प्रिंग काढायचा, एका टोकाने फुंकर मारायचा आणि दुसऱ्या टोकाला तळहात धरायचा. हवा लागली की म्हणायचा, "झालं." कामावर दिवसभरात एवढाच एक शब्द त्याच्या तोंडून जास्त वेळा येई.

त्याचे दोन्ही थोरले भाऊ फौजेत होते. हासुद्धा कोल्हापूरच्या भरतीला तीनदा उभा राहिला. तिन्ही वेळा डॉक्टरांनी सपाट तळपायांमुळे बाहेर काढला. मग कराडला आयटीआय केली आणि घरोघरी वायरिंगची कामं धरली. सुट्टीवर आलेले भाऊ पारावर बसले की गाव भोवती जमायचं. हा लांब उभा राहायचा. मला एकदा म्हणाला होता, "त्यांच्या अंगावर कपडेच तसले हायत, सायब. आमी भिंतीत गाडल्यालं काम करतो. ते कुणाला दिसतंय?" बायको हौसा. एकच मुलगी, संयोगिता. साताऱ्याला दिलेली. व्यसन नाही, भांडण नाही. कामावर दुसरा कोणी नको, नाथाजीच हवा म्हणून गाडीभाडं देऊन लोक त्याला वाई-साताऱ्यापर्यंत न्यायचे.

त्याच्या कामाचा एक नियम होता, आणि तो त्यानेच मला समजावून सांगितला होता. भिंतीत पाइप न्यायचा तो बोर्डाच्या वर सरळ, नाहीतर बाजूला सरळ. तिरका कधी न्यायचा नाही.

"का?" मी विचारलं होतं.

"गिलावा झाला की पाइप दिसत न्हाई. उद्या दुसरा माणूस यील खिळा ठोकायला. त्यो बोर्ड बघणार, बोर्डाच्या वरची जागा सोडणार आन् बाजूला ठोकणार. त्याला येवढीच खूण हाय. आपण तिरकं गेलो म्हंजी त्याची खूण मोडली."

पण वाकड्या घरांची फॅशन आली आणि नियम हळूहळू सैल झाला. सरळ जायचं तर वळणावर जोडपेटी घालावी लागते, आणि मालकांना भिंतीवर तिची झाकणं नको असत. आर्किटेक्टला खांब फोडलेला चालत नसे. "नाथाजी, तूच काहीतरी कर," म्हटलं की तो करायचा. एका लांबीत, बिनसांध्याचा, कुठल्याही कोनातला पाइप तो भिंतीतून असा काढून दाखवायचा की गवंडीसुद्धा हातातली थापी ठेवून बघायला यायचे. त्याला ते आवडायचं. तोंडाने बोलला नाही तरी मला ते कळत होतं. आणि काम वेळेत होतंय म्हणून मलाही ते आवडायचं.

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला गोपाळकृष्ण सरांचं घर आम्ही २०१६ साली बांधलं. सर कॉलेजातून निवृत्त झालेले. प्लॉट त्रिकोणी, त्यामुळे घरातला एकही कोपरा धड काटकोनात नाही. स्लॅब पडल्यावर सरांच्या पत्नी उमाताईंनी स्वयंपाकघराची भिंत सरकवून मागितली. भिंत सरकली, पण स्लॅबमधून खाली आलेलं पाइपाचं तोंड होतं तिथेच राहिलं. ओव्हनचा बोर्ड आता त्याच्यापासून अडीच-तीन फूट बाजूला येत होता. रीतसर न्यायचं तर तुळईखालून आडवा पाइप काढून, मध्ये एक पेटी घालून, मग खाली सरळ उतरायचं. पेटी सरांना नको होती. शिवाय आडवं जायला खांबाची कड फोडावी लागणार होती. गिलाव्याची माणसं येऊन बसलेली.

नाथाजी भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे आला.

"सायब, तिरकं न्यावं लागंल."

"मग ने की. अडलंय कुठे?"

"मालकास्नी सांगायला पायजे. नकाशावर काढून द्याला पायजे, पाइप कुठनं गेलाय ते."

"मी काढून देतो," मी म्हणालो. "तू गिलावा अडवू नकोस."

त्याने दोन हलके बाक देऊन तो पाइप कर्णासारखा भिंतीतून उतरवला. गिलावेवाल्याने तासाभरात बुजवला. पुढे मेन बोर्डात त्याने शॉक लागला की आपोआप लाइन तोडणारा ब्रेकर बसवला. त्यावरचं चाचणीचं बटण मी स्वतः दाबून पाहिलं. खटकन लाइन गेली. घर ताब्यात दिलं. नकाशा मी काढला नाही. काढायचा राहिला, असं मी तेव्हा म्हटलं असतं. खरं म्हणजे सही देऊन मोकळा झाल्यावर ती भिंत माझ्या डोक्यात पुन्हा आलीच नाही.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. सरांच्या घरात पाणी शिरलं नाही, पण आठ-दहा दिवस भिंतींना ओल होती. त्या ओलीने ब्रेकर सारखा पडायचा. सरांनी जवळचा कोणीतरी वायरमन बोलावला. त्याने दोष शोधला नाही, ब्रेकरच बाजूला काढून लाइन थेट जोडली. घरात दिवे लागले, सगळे खूश झाले.

पूर ओसरल्यावर सांगलीत जो तो पाणी शुद्ध करायचं यंत्र घ्यायला लागला. सरांनीही घेतलं. ते बसवायला नोव्हेंबरात मल्हार आला.

मल्हार जत तालुक्यातला, धनगराच्या घरातला. चौतीस वर्षांचा. घरी मेंढरं आणि पावसावरची ज्वारी. पाऊस नाही म्हणून हा मिरजेत खोली घेऊन यंत्रं बसवण्याचं काम करायचा. त्या दिवशी काय झालं ते उमाताईंनी नंतर पोलिसांना सांगितलं, आणि त्यात मला काही खोटं दिसत नाही. तो आला, स्वयंपाकघराच्या दारात त्याने चपला काढल्या. उमाताई म्हणाल्या, राहू देत हो. तो म्हणाला, नको ताई, आत देव दिसतायत. फरशी नुकतीच पुसलेली होती. त्याने बोर्ड पाहिला, बोर्डाच्या वरची जागा सोडली, टेपने मोजून दोन फूट बाजूला खूण केली आणि भोक पाडलं. तोपर्यंत काही झालं नाही. ड्रिलने पाइप फोडला होता, वायरीचं कातडं सोललं होतं, पण ते कोणाला दिसणार? मग त्याने लोखंडी पट्टी लावली आणि लांब स्क्रू पिळत नेला. डावा हात पट्टीवर होता. पाय अनवाणी, फरशी ओली.

उमाताई चहा टाकत होत्या. काहीतरी पडलं म्हणून वळून बघितलं तर तो ओट्याला टेकून खाली बसल्यासारखा होता. मिरजेच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

पंचनाम्यात लिहिलं गेलं की मयताच्या स्वतःच्या ड्रिल मशीनमध्ये बिघाड असल्याने शॉक बसला. कोणी लिहवलं, कसं लिहिलं, मला ठाऊक नाही. मशीन जुनं होतं, हे कारण सगळ्यांना सोयीचं होतं. मीही बातमी वाचली आणि पान उलटलं.

दहा-बारा दिवसांनी सरांनी नाथाजीला बोलावून घेतलं. ओव्हनची लाइन बंद होती. दुसरा वायरमन नको, ज्याने केलंय त्यानेच बघावं. नाथाजीला अपघाताचं तिथे गेल्यावर कळलं. त्याने पट्टी काढली, स्क्रूभोवतीचा गिलावा छिन्नीने उडवला आणि आत त्याचाच पाइप निघाला. तिरका, एका लांबीतला, बाक जसाच्या तसा. त्यात मधोमध स्क्रूचं भोक.

सर मागे उभे होते. म्हणाले, "पाइप इथून गेलाय हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. असो. झालं ते झालं. तुम्ही नवी लाइन वरून टाका आणि हे बुजवून घ्या."

नाथाजीने मेन बोर्ड उघडून पाहिला. ब्रेकर जागेवर नव्हता.

"सर, ह्यो काढला कुणी?"

"सारखा पडत होता तो. आता तो विषय कशाला?"

नाथाजीने हत्यारं पिशवीत भरली. भिंत उघडीच टाकली आणि निघून आला.

त्याने गोपाळकृष्ण सरांकडून फक्त त्या माणसाचं गाव विचारून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो जतला गेला, तिथून वडापच्या जीपने पुढे. तिथे काय झालं ते मला त्याने पुढे सांगितलं. पूजाने, म्हणजे मल्हारच्या बायकोने, कोर्टात जे सांगितलं त्यात आणि ह्यात फरक नव्हता.

गावात टँकर आलेला होता. सगळ्या बाया घागरी घेऊन तिकडे. मल्हारच्या दारात त्याची आई रंगूबाई एकटी बसली होती.

"कुठलं पाव्हणं?" तिने विचारलं.

"कडेगावाकडचा. वायरमन हाय."

"कंपनीनं धाडलं का?"

"न्हाई. ज्या घरात तुमचा मल्हार गेला, त्या घरातली फिटिंग म्या केली हुती."

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आमाला पोलिसानं सांगितलंय. मशीन खराब हुतं म्हनं. आमच्या पोराचंच मशीन."

"मशीन चांगलं हुतं. पाइप माझा तिरका हुता."

तिला ते कळलं नाही. नाथाजी खाली उकिडवा बसला. एक खडा घेऊन त्याने अंगणातल्या मातीत चौकोन काढला. "ह्यो बोर्ड. पाइप ह्येच्यावर असा सरळ जायाला पायजे. म्या असा नेला." त्याने तिरकी रेघ ओढली. "त्यानं हितं भोक मारलं. माझ्या रेघंवर."

तेवढ्यात पूजा डोक्यावर घागर घेऊन आली. घागर न उतरवताच ती त्या रेघांकडे बघत उभी राहिली. सासूने सांगितलं हा कोण ते.

"बोर्डापासनं किती लांब मारलं हुतं?" पूजाने विचारलं.

"दोन फूट."

"दोन फूट सोडूनच मारायचा त्यो. हितं घरात फळी ठोकतानाबी टेप लावायचा. मी हसायची त्याला." तिने घागर उतरवली. "मग त्याचं काय चुकलं?"

"काय न्हाई चुकलं."

"मग कुणाचं?"

"माझं."

मग पूजा म्हणाली, "हे आमाला सांगून काय उपेग? तिकडं लिवल्यालं हाय त्याचं मशीन खराब. कंपनी म्हणती, तुमच्या माणसाचीच चूक. लोकबी तसंच म्हणत्यात. तिकडं जाऊन सांगा."

"सांगतो."

रंगूबाई उठली आणि मातीतली ती रेघ तिने पायाने पुसली. "ह्याला जायाला सांग," एवढंच सुनेला म्हणाली.

त्याला पाणी कोणी विचारलं नाही. तो तीन किलोमीटर चालत फाट्यावर आला.

तिथून तो थेट माझ्या घरी आला. सांगलीत मी तेव्हा नुकताच काम सोडून घरी बसलो होतो. दारात उभा राहून त्याने सगळं सांगितलं. आत ये म्हटलं तर आला नाही.

"सुमंतसायब, मी जबाब द्याला चाललोय. तुमचं नाव मी होऊन घेणार न्हाई. पर मला इचारलं तर खोटं बोलणार न्हाई."

"अरे पण कशाला? पंचनामा झालाय. मिटलंय सगळं. तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोयस."

"त्याचं मशीन चांगलं हुतं, सायब."

मग त्याने विचारलं, "त्यो नकाशा दिला हुता न्हवं तुमी मालकास्नी?"

"दिला होता बहुतेक," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि गेला.

पोलिसांनी त्याला दोनदा परत पाठवलं. माझ्यावर गुन्हा दाखल करा म्हणून सांगायला आलेला माणूस त्यांना वेडा वाटला असावा. तिसऱ्यांदा तो पूजाला बरोबर घेऊन गेला. मग भिंत पुन्हा पाहिली गेली, ड्रिल तपासायला गेलं. ते ठणठणीत निघालं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल झाला, नाथाजीवर आणि गोपाळकृष्ण सरांवर. मध्ये कोरोनाची दोन वर्षं गेली. तेवढ्या काळात नाथाजीची कामं गेली. पेपरात नाव आलेला वायरमन कोण बोलावणार? फौजेतून निवृत्त झालेल्या थोरल्या भावाने गावात त्याच्याशी बोलणं टाकलं. घराण्याला कोर्टाची पायरी दाखवली म्हणून. जावयानेही संयोगिताला वर्षभर माहेरी पाठवलं नाही.

वकील सांगत होता, कबूल करू नका, काही सिद्ध होत नाही. पहिल्याच तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? नाथाजी म्हणाला, "व्हय." त्याला सहा महिन्यांची सजा झाली. तो सांगलीच्या तुरुंगात होता. मी एकदाही भेटायला गेलो नाही.

सरांवरचा खटला वेगळा चालला. त्यात मुद्दा एकच होता. घर ताब्यात देताना ब्रेकर होता की नव्हता? असेल तर तो काढल्याची जबाबदारी सरांवर येत होती. नाथाजीने साक्ष दिली की होता. सरांचे वकील म्हणाले, शिक्षा झालेल्या माणसाच्या शब्दावर कसं जायचं? म्हणून मला बोलावलं.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. समोरच्या बाकावर पूजा होती. ती तोवर मिरजेत एका दवाखान्यात साफसफाईचं काम करायला लागली होती. तारखेसाठी खाडा करून आलेली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला नाथाजी.

सरकारी वकिलांनी विचारलं, "ब्रेकर बसवला होता का?"

त्या बटणाचा खटका मला अजून बोटात जाणवत होता. पण बसवला होता, मी स्वतः तपासला, असं म्हटलं की पुढचा प्रश्न मला दिसत होता. मग पाइप तिरका नेलाय हेही तुम्हाला माहीत असणार? मालकाला तसं लेखी कळवलंत का? आणि मग नाथाजीच्या शेजारची जागा माझी होती. माझ्या मुलाची नोकरी सरकारी होती, नातीचं लग्न ठरत होतं, मला साखरेचा त्रास होता. ही सगळी कारणं त्या मिनिटभरात माझ्या डोळ्यांसमोर ओळीने उभी राहिली.

"आठवत नाही," मी म्हणालो.

"तुम्ही सुपरवायझर होता ना?"

"पुष्कळ घरं केली. आठवत नाही."

पूजा माझ्याकडे बघत राहिली. नाथाजीने मान वर केली नाही. २०२४ मध्ये सर पुराव्याअभावी सुटले. निकालाच्या दिवशी मी कोर्टात गेलो नाही. पूजा एकटीच बाहेर पडली आणि मिरजेच्या बसमध्ये बसली, असं कारकुनाने सांगितलं.

त्यानंतर नाथाजी काय करतोय ते मला कानावर येत होतं. तुरुंगातून सुटल्यावर त्याने वायरिंगचं काम पुन्हा धरलंच नाही. पण त्याच्या हाताखालून गेलेल्या घरांपैकी तेवीस घरांत तिरका पाइप आहे, हे त्याने बसून आठवून काढलं होतं. घर आठवलं की भिंत आठवायची, भिंत आठवली की बाक. संयोगिता आता येऊ-जाऊ लागली होती. तो सांगायचा आणि ती वहीत भिंतीची आकृती काढायची. ती आकृती घेऊन तो त्या घरी जायचा, घरच्यांची परवानगी काढायचा आणि मेन बोर्डाच्या दाराला आतून चिकटवून द्यायचा. हौसा म्हणायची, आता तरी घरात बसा. तो म्हणायचा, अजून इतकी राहिल्यात.

काही घरांनी लावून घेतलं. काहींनी दार उघडलं नाही. कडेगावात एकाने पोलिसांत देण्याची धमकी दिली. साताऱ्यातले निवृत्त सुभेदार उदयसिंह मात्र त्याला आत घेऊन बसले, चहा दिला. मग कळलं की त्या भिंतीला आधीच चार ठिकाणी भोकं पाडून टीव्ही अडकवलेला आहे. पाइप वाचला होता तो बोटभर अंतराने. नाथाजी चहा तसाच टाकून उठला आणि चारही भोकं टेपने मोजत राहिला, असं सुभेदारच मला पुढे म्हणाले.

गेल्या जानेवारीत मी कडेगावला गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. सत्तरी जवळ आली की झोप कमी होते, एवढंच म्हणतो. नाथाजी दारात खाटेवर बसला होता. वाळला होता. मला बघून उठला, "या सायब," म्हणाला. हौसाने पाणी आणून ठेवलं आणि आत गेली.

"नाथाजी," मी म्हणालो, "तो नकाशा मी काढलाच नव्हता."

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"भिंत फोडली त्या दिसापासनं. सर म्हणाले न्हवं, आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

"मग माझ्या दारात येऊन विचारलंस कशाला?"

"तुमी काय म्हणताय ते बघायला."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "कोर्टात का बोलला नाहीस?"

"तुमाला इचारलं हुतं की त्यांनी. तुमी सांगायचं हुतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी माफी मागायला सुरुवात केली तेव्हा त्याने हाताने थांबवलं.

"मला सांगून काय हुणार? ती पूजा तिकडं मिरजंत फरशी पुसतीया." मग म्हणाला, "वाईला आपण एक घर केलं हुतं. सोमण का कोण. गणपतीच्या अंगाला, चढावर. त्याचा पत्ता हाय का तुमच्याकडं? त्या जिन्याखाली माझा एक हाय."

पत्ता माझ्या जुन्या डायरीत होता. आठवड्याने आम्ही दोघं वाईला गेलो. साताऱ्यापर्यंत तो खिडकीशी बसून होता आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

घर सापडलं. म्हातारे सोमण वारले होते. त्यांची सून ज्ञानदा फाटकाशी आली. मी आमची ओळख सांगितली. नाथाजीने वहीतला कागद पुढे केला.

तिने कागद हातात न घेताच वाचला. "अहो, आम्ही घर विकायला काढलंय. उद्या परवा माणसं बघायला येणार. असलं काही चिकटवलं तर कोण घेईल? कृपा करून काही लावू नका."

"लावत न्हाई," नाथाजी म्हणाला. "ऐकून तरी घ्या. जिन्याखालचा बोर्ड हाय, त्येच्या डाव्या अंगाला. तिसऱ्या पायरीच्या रेघंत भोक मारू नका. पाइप तिरका गेलाय."

"बरं."

"तिसरी पायरी. डावीकडं."

"हो, कळलं," ती म्हणाली आणि फोन वाजला म्हणून आत वळली.

तो फाटकाची कडी धरून उभा राहिला. दार बंद झाल्यावरही त्याने तेच पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्याने. आतून उत्तर आलं नाही. मी म्हणालो, मी घर घेणाऱ्याला शोधून सांगेन. त्याने माझ्याकडे पाहिलं.

आम्ही चढ उतरून स्टँडवर आलो. साताऱ्याची गाडी लागलेली होती. तो पुढच्या दाराने चढला आणि एका बाईच्या शेजारी रिकामी जागा होती तिथे बसला. मी मागे जाऊन उभा राहिलो.